ज्योतिर्लिंग आठवे, निधीत पाचवे

राज्यातल्या पाच ज्योतिर्लिंगांच्या विकास आराखड्यांवर लक्ष ठेवायला सरकारने 2025 मध्ये पाच वरिष्ठ सनदी अधिकारी नेमले. परळीचा आराखडा 286.68 कोटींचा, त्र्यंबकेश्वरचा 275 कोटींचा. घृष्णेश्वर 156.63, भीमाशंकर 148.37. आणि आमचे औंढा नागनाथ? 15.21 कोटी.

महादेव पाचही ठिकाणी तोच. पुढारी तेवढे वेगळे.

परळीला औंढ्याच्या जवळपास एकोणीस पट. आता एकोणीस पट बेल वाहणार आहेत का तिथे? असले प्रश्न विचारायचे नसतात, नंदीच्या कानात सांगायचे असतात.

बरे, आहे त्या पंधरा कोटींवर तरी मालकी कोणाची? देवस्थानचे अध्यक्षपद तहसीलदारांकडे. गाव नगरपंचायतीचे, शिवेबाहेर जिल्हा परिषद. रस्ता बांधकाम खात्याचा, गाडी एसटीची, बंदोबस्त पोलिसांचा, जाहिरात पर्यटन खात्याची. भाविक कोणाचा?

तो देवाचा. म्हणजे वाऱ्यावर.

नामदेव महाराजांना पुजाऱ्यांनी देवळासमोरून उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि अख्खे देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी औंढ्याची कथा. आज फिरून दाखव म्हणावे! पुरातत्त्वचा ना-हरकत दाखला, नगरपंचायतीची परवानगी, नवा नकाशा, सुधारित अंदाजपत्रक. तोवर कीर्तनकार रिटायर.

हे झाले औंढ्याचे. त्याच तालुक्यात, वसमतच्या वाटेवर, शिरड शहापूर आहे. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र. मंदिर तीनशे वर्षांचे सांगतात, मूर्ती त्याआधी अर्धापूरला होती म्हणतात. म्हणजे देवाने इथे येऊन तीन शतके झाली. आराखडा अजून वाटेत असावा.

इथला यात्रेकरू शहाणा. पाणी गाळून पिणार, सूर्यास्ताआधी जेवण उरकणार, ना डीजे ना भंडाऱ्याचा गोंधळ. मागत नाही.

म्हणून मिळत नाही.

पंचज्योतिर्लिंगाला निघालेली पुण्याची अर्टिगा शिरडला चहाला थांबते, तेव्हाचे दृश्य बघा. मागच्या सीटवरच्या आजी खाली उतरतात, पदर सावरतात, इकडे बघतात, तिकडे बघतात. चहावाला ओळखतो. "पुढं औंढ्याला व्हईल बगा सोय." आजी पुन्हा गाडीत. पर्यटन धोरण म्हणतात ते हेच. पुढच्या गावाकडे बोट दाखवायचे.

तीर्थक्षेत्रालाही शाळेसारखे वर्ग असतात, हे ठाऊक आहे ना? वर्षाला लाखभर भाविक आले तर 'क' वर्ग, पालकमंत्र्यांच्या जिल्हा नियोजन समितीकडून. चार लाख आले तर 'ब', थेट राज्याकडून. पण हे भाविक मोजतो कोण? वही-पेन घेऊन महाद्वारात बसलेला माणूस कोणी पाहिलाय? मागणाऱ्याला परवडेल तो आकडा आणि देणाऱ्याला झेपेल तो वर्ग.

हिंगोलीचे पालकमंत्री म्हणाल तर वर्षा गायकवाड मुंबईच्या, अब्दुल सत्तार सिल्लोडचे, नरहरी झिरवाळ दिंडोरीचे. 1999 पासून जिल्हा स्वतंत्र आहे. पालक अजून दत्तक घ्यावे लागतात.

देवस्थानाला स्वतंत्र कायदा हवा, असे एक जण हमखास म्हणतो. पंढरपूरला 1973 चा आहे, शिर्डीला 2004 चा. मग? तेच शिर्डीचे विश्वस्त मंडळ 2022 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. कायद्याने खुर्च्या तयार होतात. खुर्च्या आल्या की त्यावर बसणारे येतात, आणि ते आले की वकील.

उद्याची गंमत तर वेगळीच. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा होतेय. केंद्राने 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे धडकली तर त्याची थरथर इथे टिपणार. उत्तम! ती बघायला पोरांच्या सहली येतील, प्राध्यापक येतील, परदेशी पाहुणे येतील. एकाच तालुक्यात ज्योतिर्लिंग, तीर्थंकर आणि गुरुत्वीय लहरी.

विश्वाच्या टोकाची हालचाल औंढ्याला कळेल. शिरडच्या ग्रामपंचायतीचा अर्ज हिंगोलीला कळेल का?

तेव्हा शिरडकरांनो, आराखडा मागू नका. समिती तर मुळीच मागू नका, तिला आधी चहा लागतो आणि मग मुदतवाढ. येत्या ग्रामसभेत चार माणसे समोर बसवा. जैन संस्थानचा एक, ग्रामपंचायतीचा एक, एसटीचा एक, हॉटेलवाल्यांतला एक. विचारा, स्टँडजवळ बायाबापड्यांसाठी स्वच्छतागृह बांधणार कोण, आणि ते रोज धुणार कोण? पहिल्या प्रश्नाला चारही हात वर जातील, कोनशिलेवर नाव येते. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत एकालाही उठू देऊ नका.