द्वारा राउटर, मु. पो. मोर्शी

मोर्शीतल्या जरा बऱ्या परिस्थितीच्या घरात आज माणसांपेक्षा इंटरनेटला जोडलेल्या वस्तूच जास्त निघतील. घरटी चार-पाच मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, अंगणात रचलेल्या संत्र्याच्या क्रेटांवर नजर ठेवणारा कॅमेरा, आणि लग्नात कुणीतरी आहेर म्हणून दिलेला, काहीही विचारलं तरी भलतंच गाणं लावणारा स्पीकर. या सगळ्यांना घरात मान आहे, पत्ता मात्र एकालाही नाही. घरातल्या घरात १९२.१६८.१.५ असं काहीतरी असतं. पण तेच वरुडच्या, अचलपूरच्या आणि न्यूयॉर्कच्या घरातही असतं, कारण हे आकडे खासगी वापरासाठी म्हणून १९९६ साली साऱ्या जगाला मोकळे करून ठेवले आहेत. बाहेर बोलायचं तर सगळ्यांचं नाव एकच. अमरावतीला खोली करून शिकणाऱ्या पोरांची पत्रं पूर्वी ‘द्वारा घरमालक’ यायची, तसा हा ‘द्वारा राउटर’ कारभार. त्यातही गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी हा घरमालकच भाडेकरू असतो. सेवा देणारी कंपनी शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देते. मग त्यातल्या एखाद्या उपद्व्यापी घराने एखाद्या संकेतस्थळाला छळलं, की ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, ट्रॅफिक सिग्नल ओळखा’ ही परीक्षा गल्लीतल्या सगळ्यांना द्यावी लागते. ट्रॅफिक सिग्नल ओळखायला मोर्शीच्या माणसाला आधी अमरावतीला जावं लागतं, ही बाब परीक्षकाच्या गावीही नसते.

माझं म्हणणं असं, की ही टंचाईतली तडजोड आहे आणि आपण तिला रीत समजून बसलो आहोत. १९७७ च्या सुमाराला पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जगाची लोकसंख्याही साधारण तेवढीच. माणशी एक पत्ता पुष्कळ झाला, असं वाटलं असेल तर नवल नाही. पुढे माणूस एक आणि वस्तू सात अशी वेळ आली, आणि ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. उपाय मात्र डिसेंबर १९९८ पासून कागदावर तयार होता. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे तीनावर अडतीस आकडे चढतील इतके पत्ते. एकेका घराला मिळणाऱ्या किमान तुकड्यातच संपूर्ण जुन्या इंटरनेटच्या कित्येक कोटी पट पत्ते असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: “काहून त्या भानगडीत पडता भाऊ, नेट तं चालू हाय ना!” चालू आहे, पण कसं? बागाईतदार सिंभोऱ्याकडच्या बागेत उभा आहे आणि त्याला मोर्शीतल्या घरचे क्रेट पाहायचे आहेत. अंतर मोटारसायकलने सहज जाण्याइतकं. पण घराला स्वतःचा पत्ता नसल्यामुळे अंगणातलं चित्र आधी कुठल्यातरी परक्या शहरातल्या, कदाचित परक्या देशातल्या, सर्व्हरला जातं आणि तिथून बागेत येतं. त्या मध्यस्थाला दरमहा पैसेही मोजायचे. दलाली कुठे आणि किती द्यायची याबद्दल एरवी इतका जागरूक असलेला संत्रा उत्पादक इथे मुकाट्याने देतो, याचं मला आश्चर्य वाटतं. शिवाय ज्या मोबाईलवर तो हे पाहतो, तो बहुधा केव्हाच नव्या पद्धतीला लागलेला असतो. २०१६ मध्ये जिओ आलं ते आयपीव्ही६ घेऊनच. आज भारतातून गूगलकडे जाणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक याच वाटेने जातात. खिशात नवा पत्ता आणि भिंतीवरच्या डबड्यात जुना, अशी आपली स्थिती आहे.

दुसरा आक्षेप लांबीचा. चार-चार अक्षरांचे आठ गट, त्यात आकड्यांच्या जोडीला ए ते एफ. हे पाठ कोण करणार? कुणीच नाही. बायकोचा मोबाईल नंबर तरी किती जणांना पाठ आहे? नावावरून पत्ता शोधायची सोय इंटरनेटवर पहिल्यापासून आहे. आणि लांबी काही उगाच नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला तेव्हाही सहा आकडे जडच वाटले असतील. पण मोर्शीच्या ४४४९०५ मधला पहिला ४ पत्राला आपल्या विभागात आणतो, ४४४ ने ते अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात येतं आणि ९०५ ने गावच्या पोस्टात. नव्या पत्त्याचाही पहिला अर्धा भाग असाच वाट सांगतो, उरलेला अर्धा घरातली वस्तू.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही: प्रत्येक वस्तूला जाहीर पत्ता दिला तर चोराला सोपं नाही का? पत्ता असणं म्हणजे दार उघडं असणं नव्हे. कडी लावायचं काम फायरवॉलचं, ते जुन्या पद्धतीतही त्याचंच होतं. अंदाजाने दारं ठोठावत फिरणाऱ्याला एका घराच्या तुकड्यातले सगळे पत्ते तपासायला, सेकंदाला दहा लाख या वेगानेही, ५ लाख ८० हजार वर्षं लागतील. शिवाय मोबाईल-लॅपटॉप बाहेर वापरायचा पत्ता आपणहून अधूनमधून बदलतात. कॅमेऱ्याचा पासवर्ड १२३४५६ ठेवणाऱ्याने पत्त्याच्या लांबीची काळजी करावी, हे मात्र मला झेपत नाही.

करायचं ते थोडं आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडायचं. ‘आयपीव्ही६’ या खान्यात बहुधा ‘डिसेबल’ लिहिलेलं असतं, ते ‘इनेबल’ करायचं, जोडणीचा प्रकार कंपनीला विचारून निवडायचा, ‘प्रीफिक्स डेलिगेशन’वर खूण करायची, आणि फायरवॉल चालू असल्याची खात्री करून राउटर पुन्हा सुरू करायचा. मोबाईलच्या वायफाय तपशिलात जुन्या पत्त्याखाली २४ ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली की काम झालं. नुसतीच एफई८० ने सुरू होणारी दिसली तर ती घरगुतीच. उंबरठ्याबाहेर तिला कुणी विचारत नाही. जुना पत्ता काढायचा नाही. जुना प्रिंटर आणि जुना डीव्हीआर त्याच्यावरच जगतात. कंपनीने मध्येच तुकडा बदलला तर कॅमेऱ्याचा पत्ताही बदलतो, ही खरी अडचण आहे, आणि त्यासाठी बदलत्या पत्त्याला नाव चिकटवणारी सेवा घ्यावी लागते. फायरवॉलमध्ये वाट द्यायची ती एकट्या कॅमेऱ्याला, तीही पासवर्ड बदलल्यावर. ग्राहक सेवेला फोन लावाल तेव्हा पलीकडून “सर, राउटर बंद करून चालू करा” असंच ऐकू येईल. ते तेवढं करावं. लाईन गेली की मोर्शीत ते तसंही आपोआप होतंच.