सातबारा आहे, वस्ती नाही

पदरच्या पैशांनी अंतराळात जाऊन आलेल्या रिचर्ड गॅरियट यांनी २०१३ मध्ये ‘श्राउड ऑफ द अवतार’ या ऑनलाइन खेळासाठी लोकांपुढे झोळी पसरली. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे २२ हजार जणांनी १९ लाख डॉलर टाकले.

खेळ पुरा होण्याआधीच त्यातल्या आभासी प्लॉटांची विक्री जोरात. घर बांधायचंय? आधी जागेचा दस्त घ्या. ऐपत असेल तर अख्खं गाव नावावर करा, तेही खऱ्या डॉलरांत! हौशी मंडळींनी गावं वसवली, वाडे उठवले, दिवाणखाने सजवले. गल्ल्या मात्र ओस. राक्षस मारण्यापेक्षा शेजारी शोधणं अवघड!

मार्च २०१८ मध्ये खेळ रीतसर बाजारात आला, ऑक्टोबरात फुकट झाला. तरी रांग लागेना. २०१९ मध्ये गॅरियट यांच्या पोर्टलॅरियम कंपनीकडून तो कॅटनिप गेम्सकडे गेला. बिल्डर बदलला, प्लॉटधारक जुनेच.