नोकरी शाबूत आहे, खोकं महाग आहे

एडिसन, न्यू जर्सी
रविवार सकाळ, कुकर लावून

ती. आईस,


काल फोनवर तू फिरून फिरून "सगळं ठीक आहे ना गं?" विचारत होतीस, तेव्हाच ओळखलं की कुमुदमावशीने आपलं काम केलंय. तर ऐक. नोकरी गेलेली नाही. कर्ज झालेलं नाही. मावशीच्या मन्याला इंटरनेटवर जो दिवा विक्रीला दिसला, तो आमचाच. पण तळघर मोकळं करायला काढलेला. तुझे जावईबापू कंगाल नाहीत, हौशी आहेत. आता त्यात खर्च जास्त, हे मात्र मावशीला सांगू नकोस.

झालं असं, की ईबेवर 1995 साली अगदी पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, आणि तोही 14.83 डॉलरला, हे त्यांनी कुठेसं वाचलं. मोडक्याला एवढे, तर आपल्या चालू दिव्याला किती! लगेच असल्याच एका लिलावाच्या साइटवर तो मोठ्या शेडचा टेबललॅम्प चढवला. सुरुवातीची बोली 99 सेंट. "कमी ठेवली की झुंबड उडते," म्हणाले. आलं एकच गिऱ्हाईक. आता त्याने मनात 50 डॉलर धरले असले, तरी इथे भाव चढतो तो समोर दुसरा कोणी बोलला तर, आणि त्याच्यापेक्षा एका पायरीपुरताच. दुसरा कोणी फिरकलाच नाही, म्हणून दिवा 99 सेंटला गेला. रुपये करत बसू नकोस, रक्तदाब वाढेल.

खरी मौज पुढे. टपालखर्च 10 डॉलर, असं आधीच अंदाजपंचे लिहून ठेवलेलं. गिऱ्हाईक निघालं कॅलिफोर्नियाचं, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं, आणि अंतर वाढलं की भाडं वाढतं. दिव्याचं वजन 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. पण शेड चेपू नये म्हणून खोकं घेतलं 20 बाय 16 बाय 14 इंचांचं. कुरियरच्या दुकानातल्या पोराने काट्यावरचा आकडा बघितला न बघितला आणि टेप काढली. तिन्ही मापांचा गुणाकार 4480, त्याला 139 ने भागायचं, वर उरलं की पुढचा पूर्ण आकडा धरायचा. आले 33 पौंड! वस्तू हलकी आणि खोकं मोठं असेल, तर भाडं खोक्याचं. म्हणजे पंधरा किलोचे पैसे, त्यातला बहुतेक वारा. शिवाय रिकाम्या खोक्याचे वेगळे, फुगेवाल्या प्लास्टिकचे वेगळे. आपला सदा वाणी एक खोकं मागितलं तर दोन देतो, वर गूळ चाखायला देतो. साइटची दलालीसुद्धा नुसत्या दिव्यावर नाही, टपालाच्या पैशांवरही. लग्नातली पाठवणी स्वस्त पडली असती. साठावर डॉलर पदरचे गेले. गिऱ्हाइकाने मात्र पाच तारे दिले; ते छापून जावईबापूंनी फ्रिजवर चिकटवलेत.

थांब, कुकर उतरवून आले. वहिनीच्या गुडघ्याचं कळलं. तिला जिना चढू देऊ नकोस, लोणच्याची बरणी दादाला काढू दे. बंड्याचं स्थळ मोडलं ते मुलीच्या दृष्टीने उत्तमच झालं. आणि जोशीकाकूंनी गच्चीला स्वतःचं कुलूप लावलं म्हणजे काय? सांडगे वाळवायचे कुठे आपण?

बापाचा धंदा बघून लेक मात्र शहाणी झाली. ईरा माझ्या खात्यावरून तिची जुनी गोष्टींची पुस्तकं विकते. लोक काय भाव मागतात ते ती बघतच नाही, तसलं पुस्तक खरोखर कितीला गेलं ते बघते. खोक्यासकट वजन आधी करते. वजन-मापं भरली की गिऱ्हाइकाच्या पिनकोडप्रमाणे टपाल साइटच लावते, अंदाज बांधायचं कामच नाही. पुस्तकांना सरकारी टपालात मीडिया मेल नावाचा स्वस्त दर आहे. मात्र त्यात भलतंसलतं घालायचं नाही, आणि टपालवाल्यांना पार्सल उघडून बघायची मुभा असते.

तिच्याच काट्यावर परवा तुझं दिवाळीचं पार्सल ठेवलं. एक चकली मोडली नव्हती. मधे घातलेली तुझी सुती साडी मी अजून धुतलेली नाही. ईरा म्हणते, "आई, तिला तेलाचा वास येतोय." म्हटलं, येऊ दे.

आता दादाचं. आजोबांचा ग्रामोफोन अमेरिकेत डॉलरने विकून दे, असा त्याचा निरोप मिळाला. त्याला सांग, त्या कर्ण्याला जे खोकं लागेल त्याची तिन्ही मापं आधी घे, गुणाकार कर आणि मग माझ्याशी बोल. वाटेत कर्णा चेपला, तर परतीचं भाडंही आपल्याच बोकांडी. आणि वस्तू शंभर वर्षांची निघाली तर 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, ती देशाबाहेर पाठवताच येणार नाही. एवढं करूनही विकायचाच असेल, तर पहिली बोली माझी धरा आणि टपालाचा खर्च वाचवा. ग्रामोफोन माजघरातून हलवू नका.

तुझी,
मंजू