जावईबापूंचे २१६ नग

गोथेनबर्ग,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप अण्णा आणि आई,


ताजी बातमी म्हणजे तुमच्या जावयांनी हत्यारांचा सेट घेतलाय. २१६ नग! पेटी गाडीतून घरात आणताना त्यांच्या कमरेत उसण भरली. हत्यारांनी होणारी पहिली दुखापत अशी पेटी उघडायच्या आधीच उरकली.

अण्णा, तुम्ही दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलीत ती मोजक्या पान्यांवर, एका हातोडीवर आणि एका पक्कडीवर. यांच्या २१६ पैकी निम्मी तर पेचकसाची टोकंच आहेत, आणि सॉकेटपैकी बरेचसे इंचाचे. इथे कारभार सगळा मिलिमीटरचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तो १९ वर खपून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७. तो १३ च्या बोल्टवर चढत नाही आणि १२ च्या बोल्टवर खुळखुळतो. "बसतोय की!" म्हणत यांनी जोर लावला आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं. सगळ्यात जास्त लागणारा १० चा सॉकेट तर पहिल्याच आठवड्यात बेपत्ता झाला. तो म्हणे जगात सगळीकडेच हरवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आई विचारेलच. टायरसाठी गं. इथे १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर बर्फ असला की हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं. खिळ्यांचे टायर घेतले, तर ते १५ एप्रिलनंतर सहसा चालत नाहीत, काढावे लागतात. म्हणजे वर्षातून दोनदा चारही चाकं बदलायची. गॅरेजवाला त्याची मजुरी सांगतो ती ऐकून हे म्हणाले, "मी इंजिनियर आहे, घरीच करतो." हे गाडीच्या कंपनीत आहेत खरे, पण गाडीतलं सॉफ्टवेअर लिहितात. बॉनेट उघडायचा खटका कुठेय हे मी दाखवलं.

पहिल्या दिवशी काय केलं असेल? आधी गाडी जॅकवर चढवली आणि मग बोल्ट सैल करायला गेले. बोल्टऐवजी चाकच फिरायला लागलं. मी तुमच्या आवाजात ओरडले, "खाली घ्या आधी!" जमीन सपाट बघायची, हँडब्रेक ओढायचा, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळा लावायचा, चाक जमिनीवर असतानाच बोल्ट जरासे ढिले करायचे आणि मग जॅक, हे आमच्या घरात पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं होतं. जॅकवर गाडी असताना त्यांचा एक सॉकेट घरंगळत खाली गेला आणि हे तो काढायला आडवे होऊन हात घालणार, तेवढ्यात मी कॉलर धरली. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. गाडीखाली आधाराची घोडी लागल्याशिवाय बोटसुद्धा आत जाणार नाही, असं मी जाहीर केलंय. दुसऱ्या दिवशी घोड्यांची जोडी आली. २१६ नगांत ती नव्हती, बघा.

मग घट्ट करायची वेळ. आपल्याकडे हायवेवर ट्रकवाले करतात तसे हे चक्क व्हील पान्यावर उभे राहिले. मी ईशानला म्हटलं, "वही आण, गणित कर." बाबांचं वजन ७५ किलो, पान्याची लांबी ४० सेंटिमीटर. पोरानं उत्तर काढलं, जवळजवळ २९५ न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय १४०. म्हणजे दुपटीहून जास्त! बोल्ट ताणला जातो, आटे जातात, ब्रेकची तबकडी वाकडी होऊ शकते, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर तोच बोल्ट सोडवायला पुन्हा ७५ किलोचा माणूस शोधायचा. सातवीतल्या मुलासमोर इंजिनियर खाली उतरले.

आता टॉर्क पाना आलाय. त्यावर आकडा लावायचा, ओढत राहायचं, 'टक्' वाजलं की थांबायचं. यांना तो आवाज इतका आवडला की खात्रीसाठी प्रत्येक बोल्टला तीन-तीनदा 'टक्' करायला लागले. एकदा वाजलं की झालं हो! बोल्ट आवळायचे तेही समोरासमोरचे, एकाआड एक, आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की पुन्हा तपासायचे. हा पाना बोल्ट सोडवायला वापरायचा नाही, आणि काम झालं की पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते. यांचा कितीतरी दिवस १४० वरच होता. तुम्ही असतात तर जेवण बंद केलं असतंत.

अण्णा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. तुमचा लाडका स्क्रू पाना या लोकांचा! योहान पेटर योहान्सन नावाचा माणूस, १८५३ चा जन्म, गाव व्हॉरगोर्दा, आमच्या इथून फार लांब नाही. त्यानं १८८८ मध्ये पाईप पाना काढला आणि १८९२ मध्ये या सरकत्या जबड्याच्या पान्याला आजचं रूप दिलं. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांचा बाको कंपनीचा पाना आहे, दांडा घासून गुळगुळीत झालेला, पण अंगठ्यानं फिरवायचा स्क्रू अजून लोण्यासारखा फिरतो. हे तो उलटा धरून जोर लावायला गेले तेव्हा आजोबांनी न बोलता तो हातातून काढून घेतला, फिरवला आणि परत दिला. जोर स्थिर जबड्यावर यायला हवा, म्हणजे पाना सरकत्या जबड्याच्या दिशेनं फिरवायचा. शिवाय स्वतःकडे ओढायचा. ढकलला आणि निसटला तर बोटांची सालटी जातात. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळव्यानं. आजोबांना मराठी येत नाही आणि मला स्वीडिश बेताचंच, पण हे सगळं तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकल्यासारखं जुळतं.

परवा खंडेनवमीला मी पाटावर हत्यारं मांडली, हळद-कुंकू वाहिलं, सुपरमार्केटातल्या कुंडीतला झेंडू खुडला. आजोबा खिडकीतून बघत होते. पाच मिनिटांत स्वतःचा पाना घेऊन दारात हजर! त्यालाही कुंकू लागलं. यांना वाटलं, पूजा झाली म्हणजे वर्षभराची निगा झाली. मी सकाळी उठून फुलं काढली, ओलसर कुंकू पुसलं आणि प्रत्येक पान्यावर तेलाचं फडकं फिरवलं. इथे गॅरेजमध्ये दमट थंडी असते, गंज दोन दिवसांत चढतो. आजोबांच्या पेटीत गंजाला आळा म्हणून कापराच्या वड्या असतात. यांना पेटी उघडली की आरती आठवते, टाळ्या वाजवतात.

ईशाननं मात्र भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती मार्करनं काढलीय. रिकामी जागा दिसली की संध्याकाळी शोधमोहीम. १० च्या सॉकेटची जागा अजून रिकामीच आहे.

बॅटरीचं काम मी माझ्याकडेच ठेवलंय. आई, काळजी करू नकोस, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवते, यांनाही अंगठी काढायला लावते. आधी निगेटिव्ह सोडायचा, जोडताना तो शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर १२ व्होल्टमध्येसुद्धा दिवाळी. पान्याच्या मध्ये अंगठी सापडली तर ती बोटातच लालभडक होते.

तुमच्या तिकिटाचं बघा. १५ एप्रिलच्या आधी या, खिळ्यांचे टायर उतरवायचेत. गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवते, तुम्ही फक्त ओरडायचं. कापूर आणू नका, विमानात चालत नाही. सुकं खोबरंही नको. पक्कड आणायचीच असेल तर मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर ते काढून घेतील, तुम्ही तिथे हुज्जत घालत बसाल आणि आई एकटीच विमानात चढेल.

तुमची
सुमन