पडता येईल अशी नदी

पुण्याला सध्या एक नवा नाद लागलाय. फुगवायची फळी, लांब दांड्याचं वल्हं आणि पाण्यावर चक्क उभं राहून पुढे जायचं. नाव लांबलचक आहे, स्टँड-अप पॅडलबोर्डिंग. मंडळी नुसतं ‘सप’ म्हणतात. मला हा नाद मनापासून आवडला. अडचण एकच. त्यासाठी पुणं सोडावं लागतं.

का, पुण्यात नद्या नाहीत? मुळा आहे, मुठा आहे, रामनदी आहे, देवनदी आहे, शेजारी पिंपरी-चिंचवडात पवना आहे. तरी रविवारी पहाटे साडेपाचला डिकीत फळी टाकून आम्ही सहा जण निघालो ते थेट पवना धरणावर. शहरातून वाहणाऱ्या पवनेला ओलांडून, तिलाच भेटायला गावाबाहेर.

या शहराला नदी दाखवायची असेल तर गाडीत पेट्रोल भरावं लागतं.

धरणावर पोचलो तेव्हा पाणी आरशासारखं होतं. फळी पसरायची, पंप लावायचा आणि काटा पंधरावर जाईपर्यंत हवा भरायची. पहिली पाच मिनिटं सोपी, पुढची पाच खांदे काढतात. मग दहा फुटांची ती फळी दगडासारखी घट्ट होते. तिच्यावर आधी गुडघे टेकायचे, किनाऱ्यापासून जरा आत जायचं, मग एकेक पाऊल उचलून उभं राहायचं. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सैल. वल्ह्याचं पातं दांड्याला किंचित कोन करून असतं. तो कोन पुढच्या बाजूला हवा. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण ते उलटं धरतो, कारण पळीसारखं पाणी ओढावं असंच हाताला वाटतं.

आणि नजर कुठे? पायाकडे अजिबात नाही. शिकवणारा पोरगा सारखा ओरडत होता, “काका, तुंगाकडे बघा! तुंगाकडे!” समोर तुंग, बाजूला तिकोना, मागे लोहगड. किल्ल्याकडे बघितलं की तोल राहतो, पायाकडे बघितलं की माणूस पाण्यात.

आमच्यातली एक मैत्रीण सात वेळा पडली. वय सेहेचाळीस. आयुष्यात गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेली नव्हती. सातव्यांदा वर आली ती हसत, नाकातोंडातलं पाणी झटकत. आठव्यांदा उभी राहिली ती पलीकडच्या वळणापर्यंत गेली.

पडल्याशिवाय हा खेळ येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा किनाऱ्यावरचं. आम्हाला दिलेल्या लाइफ जॅकेटांपैकी दोनांची बकलं तुटलेली होती. विचारलं, तर उत्तर आलं, “पाणी शांत आहे हो, जॅकेट लागत नाही.” शांत पाण्यात माणूस बुडत नाही, हे कुणी ठरवलं? आम्ही दोन्ही परत केली, धड असलेली मिळेपर्यंत पाण्यात उतरलो नाही. अर्धा तास गेला. जाऊ द्या. बकल न लागणारं जॅकेट म्हणजे अंगावर टाकलेलं रंगीत कापड.

खरी अक्कल मिळाली ती भलत्याच माणसाकडून. थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं तपासणारा एक मच्छीमार आमच्या शेजारून गेला. वल्हं म्हणून दोन्ही हातांत लाकडाच्या दोन फळकुट्या. थांबून म्हणाला, “दादा, आधी वाऱ्याच्या तोंडाला जा. दमलात की वाराच आणून सोडंल. उलटं केलं तर भर उन्हात तिकडंच राहाल.” त्याने एवढं सांगितलं आणि तो निघून गेला. अकराच्या सुमाराला वारा सुटला, तेव्हा आम्ही किनाऱ्याकडे येत होतो आणि वारा पाठीवर होता.

या माणसांना कुणी कधी मार्गदर्शक म्हणून पैसे देणार आहे का?

वाहत्या पाण्याचं गणित वेगळंच. फळीला बांधलेली दोरी धरणात घोट्याला चालते. वाहत्या नदीत तीच दोरी झाडात-खडकात अडकली तर पाण्याचा जोर माणसाला वर येऊ देत नाही. तिथे कमरेला बांधायचा, एका हिसक्यात सुटणारा पट्टा हवा. एवढी गोष्ट ज्या शिकवणाऱ्याला माहीत नाही, त्याच्या मागे नदीत उतरू नका. आणि पावसाळ्यात तर नकोच. ३० जून २०२४ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल माणसांसकट कोसळला. दोन्ही वेळा रविवार होता.

बरं, ज्यांना वाहतं पाणी हवंच, ते कुठे जातात? कोलाडला, ताम्हिणी घाट उतरून. तिथल्या कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं, तेही उन्हाळ्यात, कोकणातल्या बाकीच्या नद्या आटलेल्या असताना. हे पाणी येतं कुठून? भिरा वीजगृहातून. १९२७ पासून चालू असलेल्या या वीजगृहात पाणी येतं मुळशी धरणाचं. आणि मुळशी धरण अडवतं कुणाला?

मुळेला.

म्हणजे आपलीच नदी. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रह केला, त्याच धरणातून मुळेचं पाणी सह्याद्रीखालून पश्चिमेला वळतं, वीज करतं आणि कोकणात उतरतं. पुणेकर घाट उतरून, पैसे मोजून, त्या पाण्यात वल्हं मारतो. औंधच्या पुलाखालून काय वाहतं ते बघायला मात्र गाडीची काच खाली करत नाही.

मुठेचं तरी काय वेगळं? वरती टेमघर, वरसगाव, पानशेत, खाली खडकवासला. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी धरतात. ते नळाला येतं, कालव्याला जातं. पात्रात किती सोडतात? पावसाळा सोडला तर जवळपास काही नाही. मग विठ्ठलवाडीपासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत आठ महिने जे हलताना दिसतं, ते तुमच्या-माझ्या मोरीतून आलेलं असतं.

पाऊस आला की हीच नदी भिडे पूल गिळते. जुलै २०२४मध्ये ती एकतानगरीच्या घरांत शिरली. आठ महिने गटार आणि चार महिने धास्ती, यापलीकडे या शहराची नदीशी ओळख उरलेली नाही.

“नदीवर उतरतंच कोण?” असं म्हणणारे भेटतात. उतरतात ना! संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, १९२८ सालचा. रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८चा. ज्या रस्त्याला आपण बोट क्लब रोड म्हणतो, तिथल्या फ्लॅटचे भाव सगळ्यांना पाठ आहेत. बोटी किती जणांनी पाहिल्यात?

अभियांत्रिकीच्या मुलांची रेगाटा एकदा बघाच. कयाक बॅले, मशाल नृत्य, अंधारात पाण्यावर सरकणाऱ्या ज्योती. ती संध्याकाळ उभी करायला मुलं कित्येक आठवडे याच पाण्यावर सराव करतात. जलपर्णी दाटली की आधी वाट मोकळी करायची, मग वल्हं मारायचं. ही जलपर्णी पोसते कशावर? सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर. ती दर वर्षी काढतात, दर वर्षी वाढते. खुराक बंद केला नाही तर दुसरं काय होणार?

दत्तू भोकनळ आठवतो? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खणणाऱ्या बापाचा मुलगा. सैन्यात गेला, पुण्यात लष्कराच्या रोइंग केंद्रात घडला, २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला, २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण घेऊन आला. पुणं हे वल्ह्याचं गाव आहे, हे पुण्यालाच माहीत नाही.

संगमावर मी उभा राहिलो ते एका फेब्रुवारीतल्या सकाळी. एक मुलगी अरुंद नावेत बसत होती. मैत्रिणीने नाव धरली होती आणि ती पायाचा अंगठासुद्धा पाण्याला लागू न देता आत बसली. केवढं कसब! पण ते कसब कशासाठी? वेग वाढावा म्हणून नव्हे. पाणी अंगाला लागू नये म्हणून.

पवनेवर आमची मैत्रीण सात वेळा पडली आणि शिकली. संगमावर पडायचीच चोरी. तोंडात घोटभर गेलं तर कावीळ, टायफॉइड, जुलाब. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती.

नदीची परीक्षा मला यापेक्षा सोपी सुचत नाही. प्रयोगशाळेचा आकडा बाजूला ठेवा. तिच्यात पडता येतं का?

आमच्या आजोबांना येत होतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते मुठेत पोहायला शिकले, ओंकारेश्वरापाशी. डबा बांधायचा, वरून ढकलायचं, बाकीचं नदी बघून घ्यायची. ही काही पुराणातली गोष्ट नाही. ज्यांनी त्या पाण्यात उड्या मारल्या, त्यांतले काही जण आजही सदाशिव-नारायणात सकाळी फिरायला निघतात. त्यांना विचारा.

‘आता ते शक्य नाही’ असं लगेच म्हणू नका. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या तोंडावर, १७ जुलै २०२४ला, महापौर ॲन हिदाल्गो लोकांदेखत त्या नदीत उतरल्या आणि पोहल्या. २०२५च्या जुलैत ती नदी सामान्य माणसाला पोहायला खुली झाली. शंभर वर्षांची बंदी उठली. त्यासाठी पैसे लागले, वर्षं लागली, सांडपाण्याच्या नळ्या बदलाव्या लागल्या, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली प्रचंड टाकी बांधावी लागली. काठावरची फरशी त्यात कुठे आली?

आपल्याकडे पैसे नाहीत असंही नाही. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीची नदी शुद्धीकरण योजना आहे. मूळ अंदाजाने ९९० कोटींची, ११ प्रकल्पांची, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी. करार २०१६चा. दुसरीकडे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेची योजना. ६ मार्च २०२२ला पंतप्रधानांनी पुण्यात येऊन नदीच्या कामांची पायाभरणी केली. म्हणजे करारानंतर सहा वर्षांनी. काठाच्या योजनेत बोटिंगही लिहिलेलं आहे.

छान. कसल्या पाण्यावर?

काठ आधी की पाणी आधी, हा प्रश्न पुण्यात कुणी विचारलाच नाही असं नव्हे. जीवितनदीसारख्या गटाची माणसं वर्षानुवर्षं काठाने चालतायत, लोकांना चालवतायत, जिवंत झरे दाखवतायत, झाडांसाठी रस्त्यावर उतरतायत. त्यांना विकासाच्या आड येणारे म्हटलं जातं. पाणी पाण्यासारखं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे विकासाच्या आड कसं येतं?

मला वाटतं, नदीसाठी भांडणारा माणूस नदीवर गेल्यानेच तयार होतो. केरळात चालियार नदीवर दर वर्षी लोक निलंबूरहून बेपूरपर्यंत ६८ किलोमीटर वल्हवत जातात आणि जाताना प्लास्टिक गोळा करतात. शिल्पिका गौतम २०१६मध्ये गोमुखाहून निघाली आणि शंभरावर दिवस फळीवर उभं राहून गंगेच्या मुखापर्यंत गेली, नदीतल्या प्लास्टिककडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. पुलावरून नदी दिसते. फळीवरून ती नाकाला, हाताला, पायाला कळते.

म्हणून हा नाद वाढावा असं मला वाटतं. मित्र जमवा, धरणावर जा, शिका. धड जॅकेट घाला, सकाळी लवकर उतरा, वाऱ्याच्या तोंडाला आधी जा, आपला कचरा आपल्या गाडीतून परत आणा. भरपूर पडा. आणि परत येताना संगमाच्या पुलावर गाडी बाजूला लावून दोन मिनिटं खाली बघा. सकाळी ज्या पाण्यात तुम्ही हसत पडलात, त्याची आणि याची तुलना करा.

राग आला पाहिजे.

तो राग पुढच्या वेळी दारात मत मागायला येणाऱ्याच्या कानावर घाला. काठावर किती बाकं बसवणार, सायकल ट्रॅक किती लांब, कारंजं कुठल्या रंगाचं, यातलं काही विचारू नका. एकच विचारा, “साहेब, माझी पोरगी संगमावर फळीवरून पाण्यात पडली, तर चालेल असं कोणत्या साली होईल?” साल लिहून घ्या.