मक्केत काढलेले फोटो कुठे ठेवावेत : हाजींसाठी संपूर्ण मार्गदर्शन, अवघड भागासह

२०२४ साली भारताचा हजचा कोटा १,७५,०२५ होता. एवढ्या माणसांबरोबर जवळपास तेवढेच फोन गेले असणार आणि प्रत्येक फोनात घरी दाखवायचे फोटो. मुंबईच्या हज हाऊसपासून तालुक्याच्या गावापर्यंत तरबियत शिबिरं भरतात. इहराम कसा नेसावा, सई कशी करावी, गर्दीत चुकामूक झाली तर काय करावं, हे सगळं तिथे शिकवलं जातं. फोटोंचं काय करावं याला वेळ नसतो, आणि नसावाच. ती उणीव भरून काढण्यासाठी, कोणीही मागितलेले नसताना, सदर मार्गदर्शन देण्यात येत आहे. उमराहला जाणाऱ्यांनाही ते जसंच्या तसं लागू राहील.

आधी एक खरीखुरी सूचना. मक्का आणि मदिना इथल्या दोन्ही पवित्र मशिदींच्या आत फोटो आणि व्हिडिओ काढायला सौदी सरकारने २०१७ मध्ये मनाई जाहीर केली. तवाफ करताना फोन कमरपट्ट्यात राहू द्यावा. इहरामला खिसा नसतो, त्यात काही अर्थ असेल. जो फोटो काढलाच नाही, त्याला बॅकअप लागत नाही. मार्गदर्शनातला गंभीर भाग इथे संपला.

पायरी १ : वेळ निवडणे

क्लाउडवर फोटो ठेवण्याची सेवा निवडण्यासाठी सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे विमानाच्या आदल्या रात्री साडेबारा. तोवर लस झालेली असते, हज सुविधा ॲप उतरवलेलं असतं, बॅगेवर नाव रंगवून झालेलं असतं आणि निरोप द्यायला आलेले पाहुणे बिर्याणी खाऊन सतरंजीवर आडवे झालेले असतात. अशा वेळी पुतण्याला उठवावं. प्रत्येक घरात एक पुतण्या असतो. त्याने बारावीला संगणक घेतला होता, एवढ्या भांडवलावर तो खानदानाचा माहिती-तंत्रज्ञान विभाग सांभाळतो.

पुतण्या फोन हातात घेतो, “चाची, तुमचा ईमेल?” असं विचारतो, उत्तर येत नाही म्हणून स्वतःचाच टाकतो आणि झोपायला जातो. इथे निवड पूर्ण झाली. यापुढे चाचींचे मिनातले सगळे फोटो पुतण्याच्या खात्यात जातील आणि पुतण्याने ऑफिसात दांडी मारून काढलेले अलिबागचे फोटो चाचींच्या फोनवर “आठवणी” म्हणून उगवतील. नात्यात पारदर्शकता आणण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पायरी २ : किंमत ठरवणे

किंमत शून्यच असावी. हजसाठी काही लाख रुपये भरलेल्या माणसाने फोटोंसाठी महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये मोजणं ही उधळपट्टी आहे.

फुकटात गुगल १५ जीबी देतं, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट प्रत्येकी ५, ड्रॉपबॉक्स २. हुशार माणूस चारही ठिकाणी खाती उघडतो. मिना एका ठिकाणी, अराफात दुसऱ्या, मुझदलिफा तिसऱ्या आणि जेद्दाहच्या विमानतळावरची रांग चौथ्या ठिकाणी. असा संग्रह कोणत्याही चोराला एकत्र करता येत नाही. मालकालाही येत नाही, पण सुरक्षितता म्हटली की थोडी गैरसोय व्हायचीच.

गुगलचे १५ जीबी फक्त फोटोंचे नाहीत. ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून ते आहेत. जून २०२१ पूर्वी गुगल फोटोज किंचित कमी दर्जाचे फोटो अमर्याद ठेवून घेई. ती पंगत उठली. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप या जागेत मोजला जात नसे, २०२४ पासून तोही मोजला जातो. म्हणजे “सुप्रभात”चे गुलाब आणि “जुम्मा मुबारक”च्या हलत्या दिव्यांनी आधीच बैठक मारलेली असते आणि अराफातचा फोटो दारात चपला काढून उभा राहतो. जागा पूर्ण भरली की जीमेलही नवी पत्रं घेणं थांबवतं. त्यामुळे परतीच्या विमानाची वेळ बदलल्याचं पत्र न मिळणं हा या योजनेचा अतिरिक्त लाभ समजावा.

पायरी ३ : चढवणे

क्लाउड म्हणजे ढग, तेव्हा फोटो वर जातात असा समज आहे. ते खाली जातात, समुद्राच्या तळाशी. मुंबईहून जेद्दाहला हाजींना नेणारी बोट १९९५ ला बंद झाली, पण वाट मोडली नाही. सी-मी-वी ४ आणि आयमीवी या दोन्ही समुद्री केबली मुंबईलाही लागतात आणि जेद्दाहलाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ त्या तुटल्या, तेव्हा भारत, पाकिस्तान आणि आखातातलं इंटरनेट मंदावलं. ढगाला कोणाचा तरी नांगर लागू शकतो, हे निवड करताना लक्षात घ्यावं आणि मग विसरून जावं, कारण करता येण्यासारखं काही नाही.

करता येण्यासारखं आहे ते तळमजल्यावर. मक्केतल्या अझीझिया भागातल्या इमारतीत वायफाय सगळीकडे असतं, असं कागदावर लिहिलेलं असतं. पकडतं मात्र लिफ्टशेजारच्या खांबापाशी. इशाच्या नमाजनंतर तिथे गालिच्यावर बैठक जमते : पाय चेपत बसलेल्या खाला, घोरणारे एक मामू, चार्जरची एकच पट्टी आणि तिच्यात घुसलेले नऊ चार्जर. प्रत्येक फोनवर तोच गोल फिरत असतो. ॲपमध्ये “फक्त वायफायवर बॅकअप” ही खूण केलेली असते आणि खोलीत गेलं की वायफाय सुटतं. दिवसभरात काढलेल्या दोनशे फोटोंपैकी अकरा चढतात, त्यातले सात चपलांचे असतात.

उन्हाचंही गणित आहे. आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगतं. जून २०२४ मध्ये मक्केत ५१.८ अंशांची नोंद झाली. त्या उन्हात माणसांचेच जीव गेले, फोनचं काय घेऊन बसलात. फोन “तापलो आहे” असं सांगून बंद पडला तर त्याला सावलीत ठेवावं आणि स्वतःही सावलीत बसावं. फोटो रात्री चढवावेत.

पायरी ४ : खात्याची सुरक्षितता

खातं सुरक्षित हवं. किती सुरक्षित? मालकालाही शिरता येऊ नये इतकं. त्यासाठी दुहेरी पडताळणी चालू करून ती भारतातल्या मोबाइल नंबरला जोडावी. मग जेद्दाहला उतरताच सौदी सिम घालावं आणि चौथ्या दिवशी फोन पाण्याच्या पिंपात पाडून नवा घ्यावा. पुढचं संभाषण मक्केत रात्री अकराला सुरू होतं, तेव्हा चिपळुणात दीड वाजलेला असतो.

“चाची, ओटीपी आला का?”

“कोणी नाही आलं बाबा. दार आतून लावलंय.”

“ओटीपी म्हणजे आकडे. मेसेजमध्ये सहा आकडे येतात.”

“मेसेज आलाय, पण अरबीत आहे.”

“तो सौदी सिमचा. आपलं सिम कुठे आहे?”

“ते मी जपून ठेवलंय.”

“हां, मग घाला ना ते फोनमध्ये.”

“घरी ठेवलंय. कपाटात. इथे हरवलं असतं ना!”

ज्यांना हे संभाषण टाळायचंच आहे, त्यांच्यासाठी एक नीरस मार्ग आहे. गुगलच्या सुरक्षा विभागात “बॅकअप कोड” मिळतात : आठ आकडी दहा संकेत, प्रत्येक एकदाच चालतो, त्यांना सिम लागत नाही, नेट लागत नाही, पुतण्या लागत नाही. ते कागदावर उतरवून एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात आणि एक घरी ठेवावी.

याहून थरार हवा असेल तर व्हॉट्सॲपच्या बॅकअपला कुलूप घालून ६४ अंकी किल्लीचा पर्याय घ्यावा. किल्ली हरवली तर खुद्द कंपनीलाही तो उघडता येत नाही. ती किल्ली फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे.

पायरी ५ : व्हॉट्सॲप ग्रुप हाच क्लाउड मानणे

वरचं काहीच जमलं नाही तर “हज मुबारक फॅमिली” या ग्रुपवर सगळे फोटो टाकावेत. त्रेपन्न सदस्य, त्रेपन्न प्रती. पण व्हॉट्सॲप पाठवताना फोटो दाबून लहान करतं. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला, तो आठवणीने निवडावा लागतो आणि त्यातही मूळ फोटो जसाच्या तसा जात नाही. सहा महिन्यांनी फ्रेम करायला फोटो मागावा, तर जबल-ए-रहमतवर उभी असलेली आकृती मामूंची की पाण्याच्या नळाची, यावर दोन घरांत मतभेद होतात. मूळ प्रत कोणाकडेच नसते, कारण “दुसऱ्यांनी ठेवली असेल” या भरवशावर त्रेपन्न जणांनी जागा रिकामी केलेली असते.

पायरी ६ : जागा मोकळी करणे

फोनमध्ये जागा संपल्याची सूचना नेहमी महत्त्वाच्या क्षणी येते. तेव्हा “आता सगळं क्लाउडवर आहे” असं म्हणत फोनमधले फोटो पुसावेत. मग क्लाउडवरचेही गेलेले दिसतील. आश्चर्य वाटू देऊ नये. गुगल फोटोज काय, आयक्लाउड काय, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आरशासमोर टोपी काढली, तर आरशातली डोक्यावर राहत नाही. गुगलच्या कचरापेटीत चढवलेले फोटो ६० दिवस आणि ॲपलच्या पेटीत ३० दिवस पडून असतात. हजचा मुक्काम साधारण चाळीस दिवसांचा धरला, तर कोणत्या कंपनीचे हाजी घरी पोचून पेटी उघडू शकतील आणि कोणत्या कंपनीचे नाही, हा हिशेब वाचकांनी करावा. फोनमधली प्रत काढून क्लाउडवरची ठेवायची असेल, तर “जागा मोकळी करा” हे वेगळं बटण आहे. ते आधीपासून तिथेच होतं.

पायरी ७ : कंपनीवर विश्वास टाकणे

मोठी कंपनी म्हणजे कायमची, असं समजावं. कॅननने आपली आयरिस्टा ही फोटो ठेवण्याची सेवा जानेवारी २०२० मध्ये गुंडाळली. ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटच्या दिवशी बंद झालं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच धुरात गेल्या.

मक्केच्या फोटोंचा पूर्वानुभव मात्र उत्साहवर्धक आहे. १८८५ मध्ये स्नूक हुरख्रोन्ये हा डच विद्वान मक्केत राहिला. तिथल्या अब्द अल-गफ्फार नावाच्या डॉक्टरला त्याने फोटोग्राफी शिकवली. स्नूकने स्वतःसाठी घेतलेलं मुसलमानी नावही अब्द अल-गफ्फारच होतं. एकाच नावाची दोन खाती तेव्हापासूनची आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्नूकला मक्का सोडायला लावलं गेलं, कॅमेरा तिथेच राहिला. डॉक्टरसाहेब फोटो काढून नेदरलँड्सला पाठवत राहिले. स्नूकने ते छापले आणि काहींवरची डॉक्टरांची सही पुसून टाकली. दूर ठेवलेली प्रत टिकली, मालकाचं नाव तेवढं गेलं. पुतण्याच्या ईमेलवर खातं उघडणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

तज्ज्ञ लोक ३-२-१ असा नियम सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो रूढ केला. मुझदलिफात खडे वेचणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. लागतात निदान एकोणपन्नास, पण कोणताही शहाणा माणूस चार जादा घेतो आणि बायकोच्या पिशवीतही थोडे टाकून ठेवतो. फोटोंचं तेवढंच करायचं असतं : एक प्रत फोनमध्ये, एक पैसे भरून घेतलेल्या कोणत्याही बऱ्या सेवेवर, एक घरी आल्यावर हार्डडिस्कवर. कंपनीचं नाव शेवटी येतं. बाजारातल्या चार-पाच मोठ्या सेवांत फोटो ठेवण्यापुरता फारसा फरक नाही. त्यांची तुलना करण्यात तीन आठवडे घालवणं मात्र फार समाधान देतं.

पायरी ८ : निघण्यापूर्वी

हजला निघताना कर्ज फेडावं, लोकांची माफी मागावी, वसीयत लिहून ठेवावी, अशी रीत आहे. शेतजमीन, दागिने, पतपेढीतली ठेव, सगळं त्यात येतं. चाळीस वर्षांचे फोटो ज्या खात्यात आहेत, त्याचा पासवर्ड येत नाही. गुगलमध्ये “निष्क्रिय खाते व्यवस्थापक” आहे, ॲपलमध्ये “वारसा संपर्क” आहे. आपण काही महिने फिरकलो नाही किंवा आपण नसलो, तर खातं कोणाला उघडता यावं, ते त्यात नोंदवता येतं. दोन वर्षं कोणीच फिरकलं नाही तर गुगल खातंच पुसू शकतं. ही नोंद करायला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नाही. म्हणूनच ती कोणी करत नाही.

शेवटी परीक्षा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, आपला फोन बंद ठेवून, पुतण्याला न विचारता, आपल्या खात्यातला कोणताही एक जुना फोटो उघडून दाखवावा. उघडला तर निवड योग्य, मग सेवा कोणतीही असो. उघडला नाही तर निवड चुकली, मग जाहिरात कितीही गोड असो. परीक्षेत नापास झालेल्यांसाठी पुनर्परीक्षा त्याच रात्री साडेबारा वाजता, सतरंजीवर झोपलेल्या पाहुण्यांना ओलांडून.