एक जुलैच्या आदल्या दिवशी

एक जुलै म्हणजे डॉक्टर्स डे, डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिन. तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या संघटनेची शाखा त्या दिवशी रक्तदान शिबिर घेते, ज्येष्ठांचा सत्कार करते, रात्री सगळे सहकुटुंब जेवतात. व्हावंच हे. पण आदल्या दिवशी, ३० जूनला, जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल देण्याची मुदत संपते. दहा खाटांचं रुग्णालय चालवणारा डॉक्टर ओपीडी उरकून पिवळ्या पिशव्यांचे किलो, लाल पिशव्यांचे किलो जुळवत एकटा बसलेला असतो. शाखेच्या व्हॉट्सॲप गटावर तेव्हा उद्याच्या हॉलचा पत्ता येतो.

माझी तक्रार एवढीच आहे. सभासदाची नड आणि शाखेचा कार्यक्रम यांच्या तारखा जुळत नाहीत.

सोनोग्राफीचंच बघा. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा हवाच, त्यात तडजोड नको. पण त्या कायद्यात सोनोग्राफीच्या नोंदीच्या फॉर्म ‘एफ’मधली त्रुटी हाच गुन्हा धरला जातो. स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये हरली. नोंदी ठेवणं ही निव्वळ कारकुनी नव्हे, असं न्यायालयाने बजावलं. मग आता लढाई कोर्टात नाही, रिसेप्शनच्या टेबलावर आहे. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जातो. दर महिन्याच्या १ तारखेला एखाद्या जाणत्या सभासदाने चार नव्या डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टना शेजारी बसवून फॉर्म तपासून घ्यायला काय हरकत आहे? खर्च दोन चहांचा! वैद्यकीय परिषदेची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात म्हणून सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणसत्रांना, हॉल भरतो. या टेबलाला पॉइंट नाहीत, म्हणून ते कुणी मांडतही नाही.

आणि रात्रीचं काय? रुग्ण दगावला, नातेवाईक चिडले, काच फुटली. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे: गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण हादरलेल्या डॉक्टरला त्या रात्री कलम आठवत नाही. त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद नीट लिहून घेणारा माणूस हवा, आणि रुग्णाच्या घरच्यांशी शांतपणे बोलणारा आणखी एक. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो छापून येतो. त्या फोटोत सगळे असतात.

नव्या पिढीचे डॉक्टर सभासद होत नाहीत, अशी खंत ज्येष्ठ बोलून दाखवतात. त्यांना विचारा, मागच्या वर्षी एकट्याने दवाखाना चालवणारा कुणी डेंगीने आडवा झाला, तेव्हा त्याची ओपीडी कुणी सांभाळली?

पुढच्या पदग्रहण समारंभात नव्या अध्यक्षांनी भाषण थोडं आखडतं घ्यावं. शाखेचा रात्रीचा फोन नंबर सांगावा, आणि कुठल्या वारी तो कोण उचलणार, ती नावंही.